घड्याळ बंद, चौकशी चालू

जुनी खिशातली घड्याळं जमवणाऱ्या माणसाला कधी वेळ विचारू नये. त्याला ती माहीत नसते. त्याच्या कपाटात घड्याळांचे खण भरलेले असतात. त्यांतली निम्मी बंद, आणि जी चालू असतात त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वेळ तो चारचौघांसारखा मोबाइलवर बघतो. मग हा पसारा कशाला, असं विचारलंत तर तो 'कारागिरी', 'वारसा', 'यंत्रातलं काव्य' असे शब्द टाकून तुम्हाला गप्प करील. त्यावर विश्वास ठेवू नका. मी याच जमातीतला, म्हणून आतली गोष्ट सांगतो. कारागिरीचं कौतुक पहिल्या दोन-तीन घड्याळांपुरतं टिकतं. पुढे जे व्यसन लागतं ते भोचकपणाचं. हे होतं कोणाचं? तो करत काय होता? त्याला दिलं कोणी? आणि मग विकलं कोणी, त्याने की त्याच्या मुलाने?

हे प्रश्न जिवंत माणसाला विचारले तर तो दार लावून घेतो. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाबद्दल विचारले की त्याला संशोधन म्हणतात.

या कामाला मराठी माणूस जन्मतःच लायक आहे. आपल्याकडची ओळख नावावर थांबत नाही. "कुलकर्णी? म्हणजे कुठले?" "सांगलीचे." "सांगलीत कुठे?" "गावभागात." "मग ते वकील कुलकर्णी तुमचे कोण?" एवढं होईस्तोवर चहा यायचा असतो. समोरचा माणूस गावाच्या, गल्लीच्या आणि भावकीच्या नकाशावर टाचणीने टोचून बसवल्याशिवाय आपल्याला त्याच्याशी हवापाण्यावरसुद्धा बोलता येत नाही. हाच गुण एका बंद घड्याळाकडे वळवला की छंद तयार.

शेरलॉक होम्सने तो आपल्या आधी वळवला होता. १८९० सालच्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये डॉक्टर वॉटसन त्याच्या हातात एक घड्याळ देतात आणि मालकाबद्दल सांग म्हणतात. होम्स झाकण उघडतो, भिंगातून बघतो आणि सांगतो की हे तुमच्या थोरल्या भावाचं. बाप गेल्यावर त्याच्याकडे आलं. माणूस गबाळा, कधी पैशात तर कधी कफल्लक, शेवटी दारूने गेला. कशावरून? आतल्या बाजूला गहाणवट करणाऱ्यांनी सुईने कोरलेले चार आकडे होते, आणि किल्लीच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे. रात्री चावी देताना शुद्धीतल्या माणसाची किल्ली भोकात जाते, पिणाऱ्याची भोवताली फिरते. लोकांना या प्रसंगात होम्सची बुद्धी दिसते. मला वॉटसनचा राग दिसतो. तुम्ही माझ्या दुर्दैवी भावाची गुपचूप चौकशी केलीत, असं समजून ते उखडतात. शंभर टक्के बरोबर उखडतात. भाऊ तुमचा, दारू त्याची, आणि माहिती हा तिसराच माणूस देतोय. आमच्या छंदातला पहिला नातेवाईक असा हा वॉटसन. पुढचे सगळे त्याच्याच वळणावर गेलेत.

मालकापर्यंत जायचं तर आधी घड्याळ वाचता यायला लागतं. इंग्रजी चांदीच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत एक चालणारा सिंह, एक गावाची खूण आणि एक अक्षर ठोकलेलं सापडतं. सिंह म्हणजे चांदी खरी. बिबट्याचं तोंड असेल तर शिक्का लंडनचा, गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार असेल तर चेस्टरचा, जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमचा. (बर्मिंगहॅमला समुद्र नाही. नांगराचं काय करायचं ते त्यांचं ते जाणोत.) अक्षर दरवर्षी बदलायचं, त्यावरून साल लागतं. स्विस चांदीवर लहानसं अस्वल असलं तर ती हजारात ८७५ भाग शुद्ध, रानकोंबडा असला तर ८००. जनावरांची ही ओळख झाली की नवा संग्राहक भलताच शेफारतो आणि लग्नाकार्यात वडीलधाऱ्यांची घड्याळं मागून घेऊन नखाने उघडायला लागतो.

खरा घोळ अक्षरांचा. स्विस घड्याळांच्या आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये बरंच काही लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे घरोघरी ते श्रद्धेने वाचलं गेलंय. एका गृहस्थांनी मला सांगितलं, त्यांच्या पणजोबांना हे घड्याळ 'रेमंटॉयर' नावाच्या साहेबाने खूश होऊन दिलं. साहेब मोठा दिलदार. पणजोबांनी त्याला एकदा पुरातून ओढून काढलं होतं. आता 'रेमोंत्वार' म्हणजे निराळी किल्ली न लावता वरची कळ फिरवून चावी देता येणारं घड्याळ. तो शब्द त्या काळच्या लाखो घड्याळांवर आहे. म्हणजे या साहेबाने निम्म्या जगाला घड्याळं वाटली आणि तो बऱ्याच नद्यांत बुडाला. मी हे त्या गृहस्थांना सांगितलं नाही. चार पिढ्या घरात राहिलेल्या साहेबाला मी कोण घराबाहेर काढणार? त्यांच्या धाकट्या भावाकडच्या घड्याळावर 'सिलेंद्र' लिहिलंय. त्यांच्या मते तो रेमंटॉयरचा मेहुणा.

पुण्यातले एक संग्राहक याच्याही पुढचे. त्यांना जुन्या बाजारात एक पोलादी घड्याळ मिळालं. पाठीवर चार ठसठशीत इंग्रजी अक्षरं: जी, एस, टी, पी. खाली आकडा, वर बाणासारखी खूण. मालकाची आद्याक्षरं अशी स्वच्छ मिळाली म्हणून ते आनंदले. गोविंद सखाराम टिपणीस हे नाव त्यांनी एका बैठकीत तयार केलं. 'पी'साठी गाव पेण धरलं, किंवा पनवेल, तेही नाही तर पोलादपूर. कायस्थ मंडळींकडे चौकशा झाल्या. दोन टिपणीस कुटुंबांनी घड्याळावर हक्कही सांगितला. मग एका निवृत्त सुभेदारांनी ते बघितलं आणि म्हणाले, "हे सरकारी आहे." तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण, जी. एस. म्हणजे जनरल सर्व्हिस, आणि दुसऱ्या महायुद्धात फौजेने अशी घड्याळं ढिगाने वाटली होती. संग्राहक खचले. आता ते घड्याळ कोणाला दाखवलं की समोरचा अक्षरं वाचतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "जीएसटी भरलाय का?"

आगगाडीचं प्रकरण याच जातीचं. ज्योर्ज रॉस्कॉफ नावाच्या घड्याळजीने १८६७ साली स्वित्झर्लंडमध्ये कामगाराला परवडेल असं वीस फ्रँकचं जाडजूड घड्याळ काढलं. त्याच्या नकला आणि नकलांच्या नकला आपल्याकडे पोत्यांनी आल्या. पुष्कळांच्या पाठीवर इंजिनाचं चित्र आणि डायलवर 'रेल्वे रेग्युलेटर' असं भारदस्त नाव. विकण्यासाठी काढलेलं चित्र ते. पण ज्या घरात असं घड्याळ आहे त्या घरात आजोबा रेल्वेत होते. नुसते होते असं नाही, मेलचे गार्ड होते. मी जी ऐकलीत ती सगळी आजोबामंडळी एकत्र केली तर जी. आय. पी. रेल्वेत प्रवाशांपेक्षा गार्ड जास्त भरतील.

वॉल्थमसारख्या अमेरिकन घड्याळाचं एक बरं असतं. मशीनवर नंबर असतो आणि कंपनीच्या नंबरांवरून साल काढता येतं. मात्र नंबर मशीनवरचा बघायचा. केसवर दुसराच असतो, तो केस बनवणाऱ्याचा. सोन्याचा पत्रा चढवलेल्या केसच्या आत कधीकधी हमीसुद्धा छापलेली असते की हा पत्रा वीस वर्षं झिजणार नाही. माझ्याकडच्या एका केसची हमी पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला संपली. पत्रा अजून शाबूत आहे. हल्लीच्या मिक्सरची हमी वाचताना मला ती केस आठवते.

साहेबाच्या घड्याळाचा मालक सापडणं तसं सोपं, कारण साहेब लिहायचा. 'अमक्याला तमक्या मंडळाच्या सभासदांकडून, एकवीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल', खाली तारीख, गाव. मग जनगणनेत नाव शोधायचं: कुठल्या गल्लीत राहायचा, बायकोचं नाव काय, घरात मोलकरीण होती का. इंग्लंडची १९२१ सालची जनगणना २०२२ मध्ये लोकांसाठी खुली झाली तेव्हा आमच्या मंडळींनी दिवाळी केली. त्यापुढची, १९३१ सालची, १९४२ मध्ये आगीत जळाली. अमेरिकेची १८९० सालची १९२१ च्या आगीत गेली. मेलेल्यांना खासगी आयुष्य मिळायचं असेल तर ते असं मिळतं.

आपल्या घड्याळांवर काही लिहिलेलं नसतं. आणि हे मला खरंच समजत नाही, कारण नाव घालण्याची हौस आपल्याइतकी कोणालाच नाही. कुठल्याही मराठी स्वयंपाकघरातलं पातेलं उलटं करून पाहा. 'चि. सौ. कां. अमुक हिच्या शुभविवाहप्रीत्यर्थ तमुक मावशीकडून सप्रेम भेट', तारीख, गाव. फुलपात्रावर वंशावळ असते. वाटी हरवली तर ती कोणत्या घरी परत करायची, ती त्या घरी कुठल्या निमित्ताने आली आणि देणारीचं माहेर कुठलं, हे वाटी स्वतः सांगते. आणि दिवाळसणाला जावई रुसून बसला म्हणून सासऱ्याने कर्ज काढून दिलेल्या चांदीच्या घड्याळावर काय? काही नाही. कोरी पाठ. मला वाटतं सासऱ्याचा हिशेब पक्का होता. नाव घातलेली वस्तू मोडीत कमी भावाने जाते, आणि वेळ कधी कोणावर येईल सांगता येत नाही. पातेलं कोणी विकायला नेत नाही.

फार झालं तर आद्याक्षरं. तीन, तीही जिलबीसारखी एकमेकांत गुंतवलेली, त्यामुळे कुठलं अक्षर कुठे सुरू होतं हेच आधी ठरवावं लागतं. माझ्याकडच्या एका घड्याळावर व्ही, जी आणि जे आहेत. डायलवर वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता. ही कंपनी १८८० च्या दशकात मुंबईत निघालेली; तिच्या 'सोवार' घड्याळावर जुन्या लोकांचा आपल्या पेन्शनीइतका भरवसा असायचा. तेव्हा मालक इथलाच असणार. पण व्ही म्हणजे विष्णू, विठ्ठल, विनायक की विश्वनाथ? वामन आणि वासुदेव त्या काळी डब्ल्यूने लिहायची पद्धत पुष्कळ होती, म्हणून त्यांना बाजूला काढलं तर ते व्हीने लिहिणारे वासुदेव दुखावणार. जी म्हणजे वडील: गणेश, गोविंद, गोपाळ, गंगाधर. जे म्हणजे जोशी, जोग, जोगळेकर, जावडेकर, जगताप, जाधव. हे सगळे एका खोलीत बसवले तर खोली पुरणार नाही, आणि बसले तर भांडतील.

तरी आपल्याकडे साधनं आहेत, आणि ती साहेबाच्या जनगणनेपेक्षा रंगतदार आहेत. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत कोण कोणत्या साली बी. ए. झाला, कुठल्या कॉलेजातून, हे ओळीने छापलेलं सापडतं. त्या काळी घड्याळ बाळगणारा मराठी माणूस पदवीधर असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे तिथून सुरुवात करायची. मग कुलवृत्तांत. एका आडनावाच्या झाडून सगळ्या घराण्यांची माहिती त्या जाड ग्रंथांत असते आणि ती इतकी निर्भीड असते की वाचताना संकोच वाटतो. कोण निपुत्रिक गेला, कोणी दुसरं लग्न केलं, कोण 'परागंदा'. मॅट्रिकला बसून नापास झालेल्याचीही काही ठिकाणी सोय लावलेली असते: 'शिक्षण मॅट्रिकपर्यंत'. हा 'पर्यंत' लिहिणाऱ्याने किती जणांची अब्रू झाकली असेल. त्यावरही भागलं नाही तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या. तिथे पूर्वजांनी येऊन स्वतःच्या हाताने नावं लिहिलीत. गुरुजी गाव आणि आडनाव विचारतात, वही काढतात आणि पणजोबांच्या सहीवर बोट ठेवतात. फक्त एक अडचण. ते आधी विचारतात, "आपण त्यांचे कोण?" मी त्यांचं घड्याळ विकत घेतलंय, हे नातं त्या वहीत बसत नाही.

मुळात घड्याळ एका माणसाचं असावं ही अपेक्षाच पुष्कळदा फोल ठरते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणाऱ्या घड्याळात मशीन एकाचं, केस दुसऱ्याची, डायल तिसऱ्याचा आणि काटे बहुधा चौथ्या घरचे असतात. पाठीवर जिची अक्षरं आहेत ती व्यक्ती आतल्या मशीनला ओळखतही नसते. विक्रेत्याला मात्र मालक पक्का ठाऊक असतो. "राजेसाहेबांच्या वाड्यातून आलंय." कुठले राजेसाहेब? "संस्थानचे." कुठल्या संस्थानचे, ते तुमच्या बोलण्याच्या ढबीवर अवलंबून. कोल्हापुरी बोललात तर कोल्हापूर, वऱ्हाडी बोललात तर नागपूरकर भोसले. शहाण्याने इथे उलटतपासणी करू नये. किंमत वाढते.

आणि मालकामुळे किंमत वाढते हे तर जगाने मान्य केलेलं आहे. टायटॅनिकवरचे सगळ्यांत श्रीमंत प्रवासी जॉन जेकब अ‍ॅस्टर यांच्या मृतदेहाबरोबर सापडलेलं वॉल्थम घड्याळ २०२४ मध्ये इंग्लंडात जवळपास बारा लाख पौंडांना गेलं. त्याच वर्षी पुढे आणखी एक घड्याळ त्याला मागे टाकून साडेपंधरा लाखांवर पोचलं: बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या 'कार्पेथिया'च्या कप्तानाला वाचलेल्या तीन विधवांनी दिलेलं, त्यांत अ‍ॅस्टरबाईही होत्या. म्हणजे नवऱ्याचं घड्याळ आणि बायकोने दिलेलं घड्याळ यांच्यात बायकोचं वरचढ ठरलं. आमच्या घरी ही बातमी मोठ्याने वाचली गेली. गांधीजींचं चांदीचं झेनिथ २००९ मध्ये न्यूयॉर्कला चष्मा, चपला, ताट-वाटीसकट लिलावात निघालं आणि अठरा लाख डॉलरला एका मद्यसम्राटाने, विजय मल्ल्यांनी, घेतलं. महात्म्याच्या वस्तू दारूच्या पैशाने सुटल्या. एवढा विनोद कुठल्याही विनोदी लेखकाने स्वतःच्या हिमतीवर केला नसता.

मूळ मालक नावाची चीज किती फसवी असते ते राणी मारी आंत्वानेतला विचारावं. तिच्यासाठी ब्रेगे या घड्याळजीच्या कारखान्यात १७८३ साली एका घड्याळाची मागणी नोंदवली गेली: असेल नसेल ती सगळी करामत त्यात असावी, पैशाची आणि वेळेची मर्यादा नाही. वेळेची मर्यादा नाही हे ब्रेगेने फार मनावर घेतलं. १७९३ मध्ये राणीचं मुंडकं उडालं, १८२३ मध्ये ब्रेगे स्वतः वारला, आणि घड्याळ तयार झालं १८२७ मध्ये. शिंप्याने ब्लाउज उशिरा दिला म्हणून चिडणाऱ्या भगिनींनी याची नोंद घ्यावी.

माझ्या मते या सगळ्यांत खात्रीचा साक्षीदार कोण, तर घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या झाकणाच्या आत तो टोकदार सुईने काहीतरी कोरून ठेवायचा: तारीख, आकडा, स्वतःची खूण. मालकाला ते दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसतं. भिंग लावून ते वाचलं की मालकाचा स्वभाव कळतो. दर दोन वर्षांनी नेमाने तेलपाणी करून घेणारा. मग एकदम दहा वर्षांची गॅप. मग एकाच वर्षात तीनदा दुरुस्ती. ओळखीचे एक म्हातारे घड्याळजी असल्या झाकणाकडे एकदा बघून म्हणाले, "इथे मुलाच्या हातात आलं."

यातलं सगळ्यांत नामांकित झाकण लिंकनचं. खरं तर झाकणही नाही, डायलच्या खालचा पत्रा. १८६१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या एका दुकानात जोनाथन डिलन नावाचा आयरिश कारागीर अध्यक्षांचं सोन्याचं घड्याळ उघडून बसला होता, तेवढ्यात फोर्ट सम्टरवर तोफा डागल्याची बातमी आली. यादवी सुरू झाली होती. डिलनने आतल्या पत्र्यावर चार ओळी कोरल्या, वरून डायल बसवला आणि घड्याळ अध्यक्षांकडे पाठवून दिलं. लिंकन आपल्या खिशात काय घेऊन फिरत होते ते त्यांना कधी कळलं नाही. पुढे १९०६ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांच्या डिलनने न्यूयॉर्क टाइम्सला ही हकिकत सांगितली. म्हणाला, मी कोरलं होतं: पहिली तोफ उडाली, गुलामगिरी मेली, देवाची कृपा की निदान प्रयत्न तरी करणारा अध्यक्ष आपल्याला मिळाला. केवढं दूरदर्शी वाक्य! डिलनच्या घराण्यात ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आणि तिच्यापायी २००९ च्या मार्चमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयाने ते घड्याळ लोकांसमोर उघडलं.

आत मजकूर होता. घराणं खोटं बोलत नव्हतं. पण गुलामगिरीचा शब्दसुद्धा नव्हता, अध्यक्षाचाही नव्हता. बंडखोरांनी सम्टरवर हल्ला केला, देवाची कृपा की आपल्याला सरकार आहे, एवढंच. 'सम्टर'चं स्पेलिंग चुकलेलं आणि स्वतःचं नाव मात्र पुन्हा पुन्हा. शिवाय मधल्या काळात १८६४ मध्ये दुसऱ्या कोणी कारागिराने आपलं नाव घुसवलेलं, आणि कुणीतरी तिथेच 'जेफ डेव्हिस' असं शत्रुपक्षाच्या अध्यक्षाचं नाव कोरून ठेवलेलं. देशाच्या अध्यक्षाच्या खिशात हा एवढा फळा होता, किल्ल्यांच्या भिंतींवर बदाम काढणाऱ्या आपल्या तरुणांनाही लाज वाटावी असा. डिलनचं मला कौतुक वाटतं. पंचेचाळीस वर्षांत त्याने आपला मजकूर मनातल्या मनात सुधारून घेतला, इतिहासाला शोभेलसा. घराघरांतले गार्ड आजोबा आणि रेमंटॉयरसाहेब असेच तयार होतात. फरक इतकाच की त्यांच्या घड्याळांचा डायल कोणी उघडत नाही.

मालकापेक्षा घड्याळालाच लोक नावाने ओळखायचे असंही एक उदाहरण आहे. लंडनच्या बेलव्हिल घराण्याकडे जॉन आर्नल्डने बनवलेलं एक घड्याळ होतं. मुळात ते सरदारासाठी, ड्यूक ऑफ ससेक्ससाठी केलेलं. पण ते आजारी माणसाच्या पलंगाखाली ठेवायच्या भांड्यासारखं दिसतं म्हणून त्याने परत केलं, असं सांगतात. बेलव्हिलांनी त्याला 'आर्नल्ड'च म्हणायला सुरुवात केली आणि १८३६ पासून वेळ विकायचा धंदा मांडला. ग्रीनिचच्या वेधशाळेत जाऊन आर्नल्डला बरोबर लावून घ्यायचं आणि लंडनभर गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन ती वेळ दाखवायची, पैसे घ्यायचे. बाप गेला, आईने चालवलं. १८९२ पासून लेक रूथने, ते थेट १९४० पर्यंत. तारायंत्राने वेळ विकणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या माणसाने १९०८ मध्ये भाषणात तिच्यावर शेरे मारले, बाई असल्याचा फायदा घेते वगैरे. ते पेपरात आलं आणि रूथबाईंची गिऱ्हाइकं वाढली. दूध घालणाऱ्या बाईसारखी वेळ घालणारी बाई! आपल्याकडे हा धंदा चालला नसता. "जरा दोन मिनिटं जास्त घाला की" असं कोणीतरी म्हणालंच असतं.

आणि मुंबईत तर वेळ कुठली विकायची हाच प्रश्न पडला असता. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ सोडली नाही. ती थेट १९५५ पर्यंत धरून ठेवली. आगगाड्या एका वेळेवर, शहर दुसऱ्या. माझ्या व्ही. जी. जे. यांचं घड्याळ सव्वाचारला थांबलंय. शहराच्या सव्वाचारला की स्टेशनच्या, हे कळलं असतं तर माणूस घरी होता की प्रवासात एवढं तरी समजलं असतं.

तर हे व्ही. जी. जे. मी कॅलेंडरं चाळत होतो, कुलवृत्तांत मागवत होतो, आणि बायको हे बरेच दिवस बघत होती. एका संध्याकाळी तिने रत्नागिरीला तिच्या आत्यांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"काय जावईबापू, घड्याळ कुठे मिळालं म्हणता?"

"पुण्यात, जुन्या बाजारात."

"म्हणजे विकलेलं. चांदीचं? आणि जे? मग तो खानदेशात मुन्सफ होता त्याचं. त्याच्या धाकट्याने सगळं विकून खाल्लं."

"आत्या, पण काही पुरावा..."

"पुरावा कसला? त्याची बायको माझ्या आईची मावसबहीण. दिवाळसणाला रुसून बसला होता मेला, घड्याळ मिळेपर्यंत ताटावर बसेना."

विद्यापीठाच्या कॅलेंडरात गृहस्थ निघाले. एलएल. बी. झालेले, सालही घड्याळाशी जुळतं. मग त्यांच्या नातवाचा ठावठिकाणा लागला, डोंबिवलीत. मी मोठ्या उमाळ्याने फोन केला. तुमच्या आजोबांचं घड्याळ माझ्याकडे आहे, सुखरूप आहे, बघायला या. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, गळा दाटून आला असणार.

"आणि साखळी?" ते म्हणाले.

"साखळी नाही. नुसतं घड्याळ मिळालं."

"सोन्याची होती. दुपदरी. कोणाकडून घेतलंत तुम्ही हे?"

दुसऱ्या दिवशी नाशिकहून त्यांच्या चुलतभावाचा फोन. दादाने साखळीबद्दल काय सांगितलं, ते आधी मला सांगा. मग इंदूरहून एक बाई: साखळीला पदक होतं का, कारण पदक त्यांच्या आईला मिळायचं ठरलं होतं. अमेरिकेतल्या एका पुतण्याने तर भावकीतल्या कोणावर माझा संशय आहे हे लेखी कळवायला सांगितलं. घड्याळाबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. शेवटी मी पुन्हा रत्नागिरीला फोन लावला. म्हटलं, आत्या, एवढं सगळं तुम्हाला ठाऊक, तर मुन्सफांच्या साखळीचं पुढे काय झालं तेही सांगा म्हणजे मी सुटेन.

आत्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, इकडे पाऊस फार आहे जावईबापू, काही ऐकू येत नाही. आणि फोन ठेवला. एप्रिल महिना होता.